अल्बनीत घर बघताय? आधी पाण्याची वाट बघा

गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद वाटताना असो, की शनिवारी मुलांच्या क्रिकेटच्या मैदानाबाहेर, ऑकलंडच्या अल्बनीत नव्याने आलेली मराठी मंडळी मला एक प्रश्न हमखास विचारतात: "अल्बनी सुरक्षित आहे ना हो?" कुणी भाड्याचं घर बघत असतं, कुणी पहिलं घर घेत असतं, कुणाचे आई-बाबा सहा महिन्यांसाठी यायचे असतात. बहुतेकांनी २७ जानेवारी २०२३ च्या पुराचे व्हिडिओ पाहिलेले असतात आणि नकाशात अल्बनी कुठे आहे एवढंच माहीत असतं.

या प्रश्नाला उत्तर नाही, कारण धोका उपनगराला नसतो, प्लॉटला असतो. एकाच रस्त्यावर चढावरच्या घराचं अंगण कोरडं राहतं आणि खालच्या वळणावरच्या घराच्या गॅरेजमध्ये गुडघाभर पाणी येतं. तेव्हा तुम्ही "हा पत्ता सुरक्षित आहे का?" असं विचारायला लागा. त्याचं उत्तर बरंचसं मिळतं, तेही फुकट, आणि एखाद्या शनिवारी सकाळी.

इथे नेमकं काय घडू शकतं

सगळ्यात आधी पाणी. अल्बनीच्या जुन्या वस्तीतून, म्हणजे अल्बनी व्हिलेजमधून, लुकस क्रीक वाहते. ती पुढे वाइतेमाता बंदराच्या वरच्या फाट्याला मिळते आणि भरतीचं पाणी तिच्यातून थेट व्हिलेजच्या जवळपर्यंत चढतं. मोठा पाऊस आणि भरती एका वेळी आली की वरून येणाऱ्या पाण्याला पुढे सरकायला जागा उरत नाही. मुंबईत जुलैमध्ये आपण भरतीचं वेळापत्रक बघतो, त्याचं हेच कारण.

२७ जानेवारी २०२३ ला शुक्रवार होता, ऑकलंड अ‍ॅनिव्हर्सरीची जोडसुट्टी सुरू होत होती. विमानतळावर २४ तासांत २४० मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला. चार माणसं गेली. त्यातली दोन वैराऊ व्हॅलीत, अल्बनीहून गाडीने काही मिनिटांवर. मोटरवेचे काही भाग पाण्याखाली गेले. स्थानिक आणीबाणी रात्री दहानंतर जाहीर झाली. तोपर्यंत कितीतरी घरांत पाणी शिरून तास उलटले होते. हे लक्षात ठेवा: इशारा येईपर्यंत थांबायचं, असा बेत करू नका.

मुंबईहून आलेली मंडळी इथे एक गफलत करतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तो ज्यांनी अंगावर घेतला त्यांना २४० चा आकडा किरकोळ वाटतो. पण किती पाऊस पडला यापेक्षा तो किती वेळात पडला आणि त्या जमिनीला, त्या गटारांना किती सोसवतं, यावर पूर ठरतो. इथे त्या दिवसाच्या पावसाचा मोठा भाग संध्याकाळच्या काही तासांतच कोसळला.

दुसरी दरड. नॉर्थ शोअरच्या खाली वाळूखडक आणि चिखलखडकाचे थर आहेत. वरचा थर झिजून चिकट मातीचा झालेला आहे. ही माती पाणी पिऊन फुगते, जड होते आणि उतारावरून सुटते. फेब्रुवारी २०२३ मध्ये गॅब्रिएल चक्रीवादळात ऑकलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मुरीवाईला दरड कोसळली आणि मदतीला गेलेले दोन स्वयंसेवक अग्निशामक तिच्याखाली गेले. माळीण, तळिये, इर्शाळवाडी या नावांपुढे आपल्याला काही समजावून सांगायला नको. अल्बनीत तसे डोंगर नाहीत, पण उतार कापून बांधलेली घरं आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या भिंती पुष्कळ आहेत.

तिसरा वारा. ३ मे २०११ ला अल्बनीच्या मॉलच्या भागात टोर्नेडो घुसला. पार्किंगमधल्या गाड्या उचलून फेकल्या गेल्या, छपरं उडाली, एका माणसाचा जीव गेला. पुढच्याच वर्षी, ६ डिसेंबर २०१२ ला, जवळच्या हॉब्सनव्हिलमध्ये तिघं गेले. टोर्नेडोचा नकाशा काढता येत नाही, त्यामुळे घर निवडताना त्याचा उपयोग नाही. छपराचे पत्रे घट्ट आहेत का आणि विमा पुरेसा आहे का, एवढंच तुमच्या हातात आहे.

ज्वालामुखीबद्दल मुलं शाळेतून ऐकून येतात आणि घाबरतात. ऑकलंड सुमारे ५० ज्वालामुखींच्या क्षेत्रावर वसलं आहे, हे खरं. शेवटचा उद्रेक रांगीतोतोचा, सुमारे ६०० वर्षांपूर्वी. ताकापुनाचं पुपुके सरोवर हे या क्षेत्राचं उत्तरेकडचं टोक, अल्बनी त्याच्याही उत्तरेला आहे. राख इथे येऊ शकते, पण त्यासाठी घर नाकारू नका. भूकंपाचा धोका वेलिंग्टन किंवा क्राइस्टचर्चच्या मानाने इथे कमी आहे. त्सुनामीचा प्रश्न ब्राउन्स बे, लाँग बे यांच्यासारख्या किनाऱ्यांवर येतो. तुम्ही रविवारी तिथे जात असाल तर नियम एकच: जमीन मिनिटभराहून जास्त हलली किंवा उभं राहणं कठीण झालं, तर भोंग्याची वाट न बघता उंचावर चालू लागा.

म्हणून तुमचा वेळ आणि पैसा पाणी आणि दरड या दोहोंवरच खर्च करा.

"शंभर वर्षांतून एकदा" म्हणजे काय

कोल्हापूर-सांगलीच्या लोकांना निळी पूररेषा आणि लाल पूररेषा ठाऊक असतात. निळी २५ वर्षांच्या पुराची, लाल १०० वर्षांच्या. इथल्या ऑकलंड कौन्सिलच्या, म्हणजे महापालिकेच्या, नकाशातला पूरपट्टा साधारण आपल्या लाल रेषेसारखाच समजा: कोणत्याही एका वर्षात एक टक्का शक्यता असलेला पूर.

"शंभर वर्षांतून एकदा ना, आता २०२३ मध्ये होऊन गेला" असं म्हणून मोकळे होऊ नका. दरवर्षी एक टक्का, म्हणजे ३० वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के. चारात एक. दाराची किल्ली घेताना हा आकडा मनात असू द्या.

आणखी एक गोष्ट एजंट सहसा सांगत नाहीत. रस्त्याखालचे पावसाळी पाण्याचे नळ साधारण दहा टक्के शक्यतेच्या, म्हणजे दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसासाठी बांधतात. त्याहून मोठा पाऊस आला की पाणी जमिनीवरून वाहणार, हे गृहीतच धरलेलं असतं. ते ज्या वाटेने वाहतं तिला इथे 'ओव्हरलँड फ्लो पाथ' म्हणतात. कोकणातल्या माणसाला हे एका शब्दात कळतं: पऱ्या. आठ महिने कोरडा, चार महिने खळाळता. आजोबा सांगायचे, पऱ्याच्या वाटेत गोठाही बांधू नये. इथे पऱ्यावर हिरवळ लावलेली असते, वर्षभर ती कोरडी दिसते आणि तिच्या मधोमध डेक बांधलेला असतो.

नकाशा उघडा, मग छत्री घ्या

घर मनात भरायच्या आधी या क्रमाने जा:

- ऑकलंड कौन्सिलचा 'फ्लड व्ह्यूअर'. पत्ता टाका. पूरपट्टा, पाणी साचणारी खोलगट जागा आणि ओव्हरलँड फ्लो पाथ हे तिन्ही थर वेगवेगळे बघा. घर पूरपट्ट्याबाहेर असलं तरी फ्लो पाथ कुंपणातून आत येतो का, ते मोठं करून पाहा.
- कौन्सिलचा 'हॅझर्ड व्ह्यूअर'. त्सुनामीच्या वेळी रिकामे करायचे भाग यात दिसतात.
- 'नॅचरल हॅझर्ड्स पोर्टल'. या पत्त्यावर पूर्वी सरकारी आपत्ती विम्याचे कोणते दावे निकाली निघाले, ते इथे कळतं. पण यात एक मोठी भूल होते. पुरामुळे *घराचं* नुकसान झालं तर ते खाजगी विमा कंपनी भरते, सरकारी योजना नाही. त्यामुळे दोनदा पाण्याखाली गेलेलं घरही या पोर्टलवर स्वच्छ दिसू शकतं.
- स्वतःचे पाय. यावर मी अडून बसतो. ओपन होम नेहमी उन्हात असतं. तुम्ही पावसात जा, छत्री घेऊन, बाहेरच्या बाहेर.

पावसात गेल्यावर काय बघायचं? घर रस्त्याच्या पातळीच्या खाली आहे का. ड्राइव्हवेचा उतार गॅरेजकडे आहे का. कुंपणाच्या फळ्यांवर खालच्या बाजूला एका सरळ रेषेत चिखलाचा डाग आहे का. डेकखाली वाकून बघा, तिथे गाळ किंवा वाहून आलेली पानं अडकलेली असतात. मागच्या भिंतीला पोट आलंय का, तिच्यातल्या पाणी जाण्याच्या भोकांतून पाणी येतंय का. भोकं बुजली असतील तर मागची माती पाणी धरून बसली आहे. उतारावरची झाडं वाकडी होऊन पुन्हा सरळ वाढली असतील, तर तिथली जमीन हळूहळू सरकते आहे. जिन्यासारख्या भेगा विटांत किंवा प्लास्टरमध्ये दिसल्या, तर जमीन तपासणाऱ्या जिओटेक इंजिनिअरला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणि शेजाऱ्याला विचारा. "त्या जानेवारीत इथे पाणी कुठवर आलं होतं?" लाजू नका. इथली जुनी माणसं हा प्रश्न आवडीने घेतात आणि हाताने पातळी दाखवतात. माझ्या अनुभवात कोणत्याही नकाशापेक्षा जास्त मला या हातांनी सांगितलंय.

घर विकत घेताना: कागद आणि अटी

*लिम रिपोर्ट* म्हणजे कौन्सिलकडे त्या जमिनीबद्दल असलेल्या माहितीचा अहवाल. तो घ्याच, पण एवढं समजून घ्या की त्यात कौन्सिलला *माहीत असलेलं*च येतं. जुन्या मालकाने कौन्सिलला कळवलं नाही, तर ते लिममध्ये नाही. म्हणून लिमसोबत कौन्सिलची *प्रॉपर्टी फाइल*ही मागवा. तिच्यात जुने परवाने, नकाशे आणि कधीकधी मातीचा अहवाल असतो. विकणाऱ्याने दिलेला लिम जुना असू शकतो, त्याची तारीख बघा.

*टायटलवर 'सेक्शन ७२' ची नोंद* आहे का, ते वकिलाकडून तपासून घ्या. बिल्डिंग अ‍ॅक्ट २००४ नुसार धोक्याच्या जमिनीवर बांधकामाला परवानगी देताना कौन्सिल अशी नोंद टायटलवर चढवू शकतं. ती असेल तर सरकारी आपत्ती विम्याचा दावा नाकारला जाऊ शकतो आणि खाजगी कंपनीही हात आखडते. आपल्या ओळखीतल्या काही जणांनी टायटलवरच्या या ओळीकडे दुर्लक्ष करून सह्या केल्या. घर विकायची वेळ आली तेव्हा त्यांना ती ओळ कळली.

करारात या अटी घालून घ्या: लिम समाधानकारक असणं, बिल्डिंग रिपोर्ट, आणि *विमा मिळणं*. तिसरी अट लोक विसरतात. विमा नसेल तर बँक कर्ज देत नाही. म्हणून करार बिनशर्त करण्याआधी त्याच पत्त्याचा विम्याचा लेखी कोट हातात असू द्या.

लिलावात घर घेत असाल तर अटी नसतात. हातोडा पडला की घर तुमचं आणि धोकाही तुमचा. तेव्हा वरची सगळी तपासणी लिलावाच्या *आधी*, स्वतःच्या खर्चाने. चार घरांच्या लिलावात हरलात तर चार अहवालांचे पैसे जातात, हे खरं आहे. तरी ते वाचवू नका.

एजंटला पुराबद्दल ईमेलने विचारा. ठाऊक असलेला दोष लपवण्याची त्याला मुभा नाही, आणि लेखी प्रश्नाला लेखी उत्तर राहतं.

टाउनहाउस किंवा अपार्टमेंट असेल तर बॉडी कॉर्पोरेटची, म्हणजे इथल्या सोसायटीची, कागदपत्रं मागा. इमारतीचा विमा कुणाचा, किती रकमेचा, तळघरातल्या पार्किंगमध्ये कधी पाणी आलं होतं का, भिंतीच्या दुरुस्तीसाठी वर्गणी येऊ घातली आहे का. अल्बनीत नव्या इमारती पुष्कळ आहेत आणि नवी म्हणजे कोरडी असं समजायचं कारण नाही.

२०२३ च्या आपत्तींनंतर कौन्सिलने बाधित घरांची वर्गवारी केली. ज्या घरांत जिवाला असह्य धोका होता आणि तो कमी करण्याचा मार्ग नव्हता, ती 'कॅटेगरी ३' ठरवून मालकाच्या संमतीने विकत घेतली गेली, आपत्तीआधीच्या बाजारभावाच्या ९५ टक्क्यांपर्यंत, विमा नसलेल्यांना त्याहून कमी. तुम्ही बघत असलेल्या घराची अशी काही वर्गवारी झाली होती का, ते कौन्सिलला विचारा. पण "पुढच्या वेळीही सरकार घेईल" या भरवशावर राहू नका. ती सोय त्या वर्षीच्या घटनांपुरती होती.

विमा: कोण काय भरतं

इथे गोंधळ सर्वाधिक आहे, म्हणून नीट वाचा.

घराला खाजगी विमा असेल, तर त्यासोबत सरकारी 'नॅचरल हॅझर्ड्स कमिशन'चं संरक्षण आपोआप येतं. १ जुलै २०२४ पर्यंत याच संस्थेला 'अर्थक्वेक कमिशन' म्हणत. खाजगी विमा बंद पडला की सरकारी संरक्षणही गेलं.

- भूकंप, दरड, ज्वालामुखी, त्सुनामी: घराच्या नुकसानीचे पहिले ३,००,००० डॉलर (अधिक जीएसटी) कमिशनचे, त्यावरचं खाजगी कंपनीचं.
- पूर आणि वादळ: घराचं नुकसान पूर्णपणे खाजगी कंपनीकडे. कमिशन फक्त *जमिनीचं* बघतं, तेही मर्यादेत: ढोबळपणे घरापासून आठ मीटरपर्यंतची जमीन आणि साठ मीटरपर्यंतचा येण्या-जाण्याचा रस्ता.
- घरातलं सामान: सरकारी संरक्षणात नाही. त्याचा विमा वेगळा.
- आधार भिंती: भरपाईला वेगळी मर्यादा आहे. मोठी भिंत पुन्हा बांधायचा खर्च पुष्कळदा त्यापलीकडे जातो. घर उतारावर असेल तर कंपनीला हा प्रश्न नेमका विचारा.

विम्याची रक्कम घराच्या बाजारभावावर ठरवू नका. पुन्हा बांधायला काय लागेल त्यावर ठरवा, त्यात पाडकाम आणि मलबा उचलणंही आलं. अर्ज भरताना आधीचं पाणी, आधीचा दावा, काहीही लपवू नका. लपवलेली गोष्ट दाव्याच्या दिवशी सापडते आणि दावा त्याच दिवशी कोसळतो.

दावा लवकर करा, तीन महिन्यांच्या आत. दावा खाजगी कंपनीकडेच करायचा, ती कमिशनचा भागही हाताळते. साफसफाईपूर्वी फोटो काढा, भिंतीवरची पाण्याची रेषा मोजपट्टी लावून टिपा. निर्णय पटला नाही तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तिथे भागलं नाही तर ती ज्या तक्रार-निवारण योजनेची सदस्य आहे तिथे जा. प्रत्येक विमा कंपनीला अशा योजनेचं सदस्य असणं बंधनकारक आहे आणि ग्राहकाला ती सेवा फुकट मिळते.

भाड्याने राहत असाल तर

मॅसी विद्यापीठासाठी आलेले विद्यार्थी आणि पहिल्या वर्षातली कुटुंबं बहुधा भाड्याने राहतात आणि "घर आपलं नाही, मग आपल्याला काय" म्हणून निर्धास्त असतात. घरमालकाचा विमा तुमचा लॅपटॉप, गाद्या, कपडे भरत नाही. सामानाचा विमा स्वतः घ्या.

हक्क मात्र भक्कम आहेत:

- घर राहण्यालायक उरलं नाही, तर भाडं थांबतं. तुम्ही दोन दिवसांची नोटीस देऊन बाहेर पडू शकता. मालकाला मात्र सात दिवसांची नोटीस द्यावी लागते.
- काही भागच निकामी झाला असेल तर भाडं कमी करण्यासाठी टेनन्सी ट्रिब्युनलकडे जाता येतं.
- मालकाने करारात विम्याबद्दल माहिती देणं बंधनकारक आहे. ती नसेल तर मागा.

भाडं थांबलं तरी घाईने बाँड, म्हणजे अनामत रक्कम, सोडून निघू नका. जाण्याआधी सगळं लेखी करा.

पाणी चढू लागलं त्या रात्री

हवामान खात्याचे, म्हणजे मेटसर्व्हिसचे, इशारे रंगात येतात: पिवळा लक्ष ठेवायला, नारिंगी तयारीला, लाल म्हणजे हातातलं काम सोडून आधी जिवाची सोय. नारिंगी आला की ड्राइव्हवेतली गाडी उंचावर न्या, जमिनीवरचं सामान वर ठेवा, कुंपणापलीकडच्या गटाराच्या जाळीवरची पानं काढा. रस्त्यावरची जाळी तुंबली असेल तर कौन्सिलला ०९ ३०१ ०१०१ वर कळवा. जिवाला धोका असेल तर १११.

आणीबाणीचा मोबाइल अलर्ट नोंदणी न करता येतो. पण २०२३ ने शिकवलं ते एवढंच की अलर्टच्या आधी पाणी येऊ शकतं. पाणी वाढतंय आणि मन म्हणतंय निघावं, तर निघा. वाहत्या पाण्यात गाडी घालू नका, पाणी किती खोल आहे ते वरून दिसत नाही आणि गाडी थोड्याशा पाण्यातही तरंगायला लागते. कुणाकडे जायचं ते आजच ठरवा, मोटरवे ओलांडावा लागणार नाही असं घर निवडा.

घरात माणशी तीन दिवसांचं पिण्याचं पाणी, दिवसाला तीन लिटर या हिशेबाने, भरून ठेवा. टॉर्च, सेलवर चालणारा रेडिओ, औषधं, पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती एका पिशवीत.

पूर ओसरल्यावर कौन्सिलचे लोक घरावर पाटी लावतात. पांढरी म्हणजे वापरता येईल, पिवळी म्हणजे ठरावीक वेळ किंवा ठरावीक भागच, लाल म्हणजे आत पाऊल नाही. लाल पाटी असताना कागद आणायला म्हणून आत शिरू नका, पाटीवर दिलेल्या नंबरवर विचारा.

आई-बाबा आले असतील तर

तुम्ही दोघं ऑफिसला, मुलं शाळेत, आणि घरात फक्त आई-बाबा. हा दिवस धरून तयारी करा. त्यांना इथलं सिमकार्ड द्या आणि अलर्टचा आवाज आधी ऐकवून ठेवा. तो कर्कश्श आवाज पहिल्यांदा आला की वडीलधारी माणसं फोन बिघडला असं समजून तो बंद करतात. फ्रिजवर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: १११, घराचा पत्ता इंग्रजी स्पेलिंगसह आणि शेजारच्या घराचा नंबर. पत्ता त्यांच्याकडून दोन-तीनदा म्हणून घ्या.

अपघाताने इजा झाली तर पाहुण्यांनाही एसीसीचं, म्हणजे सरकारी अपघात योजनेचं, संरक्षण मिळतं. आजारपणाला मात्र ते नाही, त्यासाठी प्रवास विमा घ्यावाच लागतो. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या आणीबाणीच्या पिशवीत आठवडाभराच्या जास्त ठेवा आणि दर महिन्याला बदला.

शेजाऱ्यांशी त्यांची ओळख करून द्या, त्यासाठी डबाभर चकल्या पुरतात. आणि एखाद्या पावसाळी दुपारी बाबांना सोबत घेऊन घराभोवती एक चक्कर मारा. गावाकडचा पऱ्या त्यांनी पाहिलेला असतो. कुंपणाच्या कोणत्या कोपऱ्यातून पाणी आत येतंय, ते तुमच्या आधी त्यांनाच दिसेल.